कॅप्टन बॅरोमीटरचा नवा चेहरा

माझ्या आयुष्यातली एकमेव प्रमुख भूमिका मी क्वीन्समधल्या सनीसाइडला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर उभा राहून केली. अंगात थंडीत आतून घालायची राखाडी लोकरीची बंडी आणि तसलीच घट्ट विजार, खांद्यावर आंघोळीचा टॉवेल, छातीवर चिकटपट्टीने लावलेली बशी. वय एकसष्ट. पोटाचं वय विचारू नका.

"हात आणखी वर," खालून कॅमेरा धरून बसलेला चित्रकार गस टेलाक म्हणाला. "आणि तोंडावर जरा वादळ आण."

मी वादळ आणलं. रंगभूमीवर चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाकडे वादळांचा साठा असतो. एक डोळा बारीक केला, नाकपुड्या फुगवल्या आणि दूरवर, म्हणजे फ्रिजच्या वर ठेवलेल्या पावाच्या डब्याकडे नजर लावली. तेवढ्यात दार उघडून त्या घरची बाई आत आली. व्हर्ना प्रोकॉप. दिवसभर दाताच्या डॉक्टरांकडे लोकांना "बसा, बोलावतील" असं सांगून आलेली, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या.

"थॅड, माझ्या टेबलावर बूट घालून चढलायस?"

"व्हर्ना, मी उडतोय."

"उड ना. बूट काढून उड."

मी बूट काढले. मोज्याला भोक होतं, पण गस म्हणाला की ते चित्रात येणार नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला बारकासा माणूस, व्हर्नाचा नवरा, हे सगळं पाहत होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. तो लायनेल. गोष्ट खरं तर त्याची आहे. पडदा वर गेला की पहिल्यांदा मीच पुढे येऊन उभा राहतो, ही जुनी खोड आहे. आता जरा बाजूला होतो.

लायनेल प्रोकॉप हा "एल्डर बे" नावाच्या दूरदर्शन मालिकेचा लेखक. सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी. एक बंदर, दोन श्रीमंत घराणी, एक इस्पितळ, आणि त्या इस्पितळात गावातला प्रत्येक जण कधी ना कधी बेशुद्ध पडून असायचा. सव्वीस वर्षं तो हे लिहीत होता. त्यात मी वर्षभर डॉक्टर व्हिटलॉक होतो. पात्राला काढून टाकायचं असलं की बाकीचे लेखक समोर येत नसत, नटाला ते दुसऱ्या दिवशीच्या कागदांवरून कळायचं. लायनेल मात्र खाली सेटवर यायचा. माझ्या वेळी आला, माझी बाही धरून म्हणाला, "थॅड, तुला मी मारत नाहीये. झुरिकला परिषदेला पाठवतोय. मेलेल्याला परत आणायला फार खटपट पडते. झुरिकहून काय, विमानं येतातच."

माझं विमान काही आलं नाही. पण अशा हळुवारपणे मला आजवर कोणी हाकललं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही मित्र झालो.

मग मालिकाच बंद झाली. दुपारी घरी बसून टीव्ही पाहणाऱ्या बायका केव्हाच कामावर जायला लागल्या होत्या, हे वाहिनीच्या लोकांच्या उशिरा लक्षात आलं. लायनेल तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. सकाळी उठायचा, दाढी करायचा, सदरा घालायचा, टेबलाशी बसायचा. लिहायला काही नव्हतं. महिनाभराने व्हर्नाने मला फोन केला. "थॅड, तू ये आणि आमचा फ्रिज बघ."

मी गेलो. उरलेल्या अन्नाच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. एकीवर: मंगळवारचं सूप. याला सगळं ठाऊक आहे. दुसरीवर: कोबीचे रोल. आपण परत भेटू असं त्यांना वाटलं नव्हतं.

"हसू नकोस," व्हर्ना म्हणाली. "तो रोज नव्या लिहितो. हा माणूस लिहिल्याशिवाय राहू शकत नाही, आणि मी रोज इतकं अन्न उरवू शकत नाही."

त्याच सुमारास कॉमिकवाल्यांना बाहेरच्या लेखकांचं वेड लागलं होतं. आपल्याच माणसांनी लिहिलेले महाबली लोकांना शिळे वाटू लागले होते, म्हणून कोणी कादंबरीकार पकडून आणी, कोणी सिनेमावाला, कोणी टीव्हीवाला. मोठ्या महाबलींना मोठी नावं मिळाली. कॅप्टन बॅरोमीटरला लायनेल मिळाला.

कॅप्टन बॅरोमीटरचं नाव तुम्ही ऐकलं नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. साठ वर्षांपासून दर महिन्याला निघणारं मासिक, पण रांगेत कायम मागे. नायक हवामान खात्यात नोकरीला, नाव नील हेस्टर. संकट आलं की राखाडी पोशाख चढवायचा, छातीवर काटा असलेली तबकडी, आणि मग हवेचा दाब वाढवून किंवा कमी करून दुष्टांना लोळवायचा. त्याची संपादिका होती रेनी ऑस्ट्रॉव. चौतिशीची, चटपटीत, बोलताना पेन्सिल केसांत खोवून मग तीच शोधत बसणारी. लहानपणी ती शाळेतून आली की आजीबरोबर "एल्डर बे" पाहायची. "लायनेल, तुमच्यामुळे माझी आजी वीस वर्षं दुपारची झोपली नाही," पहिल्या भेटीत ती म्हणाली. "माझे वाचक रात्रीचे तरी जागे राहतील असं बघा. सहा अंक देते. जमलं तर पुढचं वर्ष तुमचं. नाही जमलं तर कॅलिफोर्नियाचा एक सिनेमावाला आमच्या साहेबांच्या डोक्यात बसलाच आहे."

लायनेल घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फक्त नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलींच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. त्याला पैशाचं सुख नव्हतं, नावाचंही नव्हतं. दर महिन्याच्या एका तारखेला कोणीतरी त्याच्याकडून काहीतरी मागणार होतं, याचं सुख होतं. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या त्याच दिवशी थांबल्या.

पहिल्या अंकाचा मजकूर वाचून नेहमीच्या चित्रकाराचा, ह्युगो बाल्देरासचा, फोन आला. मी तेव्हा तिथेच होतो. मी जेवणाच्या वेळी बहुधा तिथेच असतो.

"मिस्टर प्रोकॉप, एक शंका आहे. हे लोक कॉफी पितात."

"हो."

"मग दुसऱ्या घरी जाऊन कॉफी पितात."

"तिथे वातावरण वेगळं आहे."

"उडायला कधी लागतात?"

"एकोणिसाव्या पानावर. तोवर ताण वाढत जातो."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग ह्युगो म्हणाला, "बरं. चौथं पान. एकाच चौकटीत तुम्ही लिहिलंय, नील आत येतो, अंगठी बघतो, सगळं समजतो आणि कडवट हसतो. मला एकच चित्र काढता येतं. यातलं कुठलं काढू?"

लायनेलने फोनच्या तोंडावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञ म्हणून. मी म्हणालो, "त्याला सांग, चौकटीत एक विराम टाक. मोठा." लायनेलने तसं सांगितलं. ह्युगो म्हणाला, "विराम कसा काढतात?"

पण माणूस शिकत गेला. दुसऱ्या अंकात कॅप्टन सहाव्या पानावरच उडाला आणि कॉफी एकदाच झाली, तीही सांडली. रेनीने फोन करून "वा" म्हटलं. लायनेलने तो "वा" आम्हाला तीन निरनिराळ्या स्वरांत म्हणून दाखवला.

मग ह्युगोने मनगट मोडून घेतलं. उन्हाळ्यात हे प्रकाशनवाले सेंट्रल पार्कात एकमेकांच्या संघांशी सॉफ्टबॉल खेळतात, आणि वर्षभर खुर्चीत बसलेली माणसं तिथे एकदम वाघ होतात. ह्युगो धावताना दुसऱ्या बेसकडे घसरत गेला आणि प्लास्टर घालून परत आला. चार अंकांसाठी रेनीने गस टेलाकला बोलावलं. गस जुना माणूस, हात विलक्षण जलद, पण एक अट: समोर माणूस उभा करून फोटो काढल्याशिवाय तो रेघ मारत नसे.

"उंच कोणीतरी हवं," तो म्हणाला.

मी उंच होतो. बाकी अटी त्याने घातल्या नव्हत्या.

अशा रीतीने मी टेबलावर चढलो. तिसऱ्या अंकाची चित्रं तयार होऊन आली तेव्हा आम्ही तिघं टेबलाभोवती वाकून ती पाहत होतो. गसला दिसेल तसं काढायची सवय. पोट त्याने दयेपोटी आत घेतलं होतं, खांदे मैत्रीखातर रुंद केले होते. पण चेहरा माझाच होता. लांब नाक, डोळ्यांखालच्या पिशव्या, हनुवटीखालची दुसरी हनुवटी. राखाडी पोशाखातला, साठीतला एक माणूस अन्यायाकडे रागाने पाहत होता.

"हा तर तू आहेस," व्हर्ना म्हणाली.

"थोडंफार साम्य आहे," मी म्हणालो. चाळीस वर्षांत मला राजाचा भाऊ, राजाचा दूत, राजाच्या मागे भाला धरून उभा राहणारा, असं सगळं मिळालं, राजा कधी मिळाला नव्हता. अंक बाजारात आला त्या दिवशी मी रूझवेल्ट अॅव्हेन्यूवरच्या कॉमिकच्या दुकानात गेलो आणि मासिकांच्या मांडणीजवळ, चेहरा बाजूने दिसेल असा, सहज उभा राहिलो. बराच वेळ. शेवटी काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, बाथरूम गिऱ्हाइकांसाठीच आहे."

चेहऱ्याचं हे मला हसण्यावारी नेता आलं. लायनेलला नाही आलं. म्हणजे, त्याने ते फार गंभीरपणे घेतलं.

इथे त्याच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. रोजच्या मालिकेत नट मधेच सोडून जातात, आजारी पडतात, पगारावरून भांडतात. मग त्याच पात्राच्या जागी दुसरा चेहरा येतो. प्रेक्षक बायका दुसऱ्याच मिनिटाला फोन करतात: हा कोण? म्हणून लेखक आधीच तजवीज करून ठेवतो. पात्राला अपघात होतो, तोंडाला पट्ट्या बांधतात, शस्त्रक्रिया होते. पट्ट्या निघाल्या की आत नवा नट. सव्वीस वर्षांत लायनेलने अशा इतक्या पट्ट्या सोडल्या होत्या की तो झोपेतही सोडू शकला असता. आता त्याच्या नायकाचा चेहरा एका महिन्यात बदलला होता, आणि त्याची काही तजवीज केलेली नव्हती.

"लोक विचारतील," तो येरझाऱ्या घालत म्हणाला. "तरणाबांड नील एकदम असा कसा दिसायला लागला?"

"असा म्हणजे?" मी विचारलं.

"भारदस्त," तो म्हणाला. मित्र असावा तर असा.

चौथ्या अंकाच्या आराखड्यात त्याने लिहिलं की स्फोटात कॅप्टनच्या तोंडाला इजा होते आणि शेवटच्या पानावर पट्ट्या निघतात. रेनीला त्यात काही वावगं दिसलं नाही, महाबलींना पट्ट्या लागतातच. गसने चित्रं काढली. या मासिकांत चित्रं झाल्यावर लेखक फुग्यांमधले संवाद लिहितो. ते लायनेलने लिहिले त्या आठवड्यात रेनी शिकागोला कॉमिकवाल्यांच्या मेळाव्याला गेली होती, आणि तिच्या जागी जो होता त्याने फक्त स्पेलिंगं तपासली. शेवटच्या पानावर आरसा, आरशात मी, आणि डॉक्टरांच्या फुग्यात: "हाच आता तुझा चेहरा, नील. यापुढे जग तुला असंच ओळखेल."

मला ते वाक्य अजूनही सुंदर वाटतं.

अंक बाहेर पडला आणि दोन दिवसांत रेनी स्वतः सनीसाइडला आली. जिना चढून धापा टाकत होती आणि केसांत दोन पेन्सिली होत्या.

"लायनेल, तुम्ही कॅप्टनला नवा चेहरा दिलात?"

"चेहरा गसने दिला. मी त्याचं कारण दिलं."

"कारण मागितलं कोणी?"

"प्रेक्षक मागतात."

"वाचक! आणि वाचक मागत नाहीत! अहो, साठ वर्षांत ह्या माणसाचा चेहरा किती जणांनी काढला असेल. एकाने नाक सरळ काढलं, एकाने बसकं, एकाला कानच जमायचे नाहीत म्हणून कॅप्टन दहा वर्षं टोपी घालून होता. कोणाची तक्रार नाही. चित्रकार बदलला, इतकंच त्यांना कळतं आणि ते पान उलटतात. तुम्ही कारण दिलंत आणि साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना दिसलं की चेहरा बदलतो!"

लायनेल खुर्चीवर बसला. इतका वेळ उभा होता हे तेव्हा कळलं.

"कॅप्टन आमच्या आणखी तीन मासिकांत असतो," रेनी पुढे म्हणाली. "तिथे तो अजून तीस वर्षांचा आहे. ते संपादक माझ्या दारात उभे आहेत. एक म्हणतो, आम्हीही म्हातारा करू का? साहेबांनी कॅलिफोर्नियाला फोन लावलाय." मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी सूप पीत होतो. तिने डोळे बारीक केले. "आणि हे?"

"हा तो चेहरा," व्हर्ना म्हणाली.

"भेटून आनंद झाला," मी उठून वाकत म्हणालो.

रेनीने कपाळाला हात लावला. "पाचवा अंक छपाईला गेलाय, त्यातही हेच आहेत. सहाव्याचा मजकूर गुरुवारी माझ्या टेबलावर हवा. त्यात जुना चेहरा परत आलेला हवा, आणि तोही कायमचा. सगळं स्वप्न होतं असं लिहिलंत तर मीच तुम्हाला खिडकीतून टाकीन. हे जमलं तर मी साहेबांपुढे तुमच्यासाठी उभी राहीन. नाही जमलं तर मला उभं राहायला जागाच नाही."

ती गेली. सूप थंड झालं. लायनेल टेबलावरची तीळ लावलेल्या पावाचा तुकडा घेऊन एकेक तीळ काढत बसला. व्हर्नाने तो काढून घेतला आणि म्हणाली, "तुझ्या मालिकेत दोन माणसं एकसारखी दिसायची तेव्हा काय करायचास?"

"जुळा भाऊ," तो आपोआप म्हणाला. मग मान वर केली. "पण इथे दोघं एकसारखे दिसत नाहीत. आणि जुळे नकोतच." तो उभा राहिला. "तोतया! पट्ट्यांखाली दुसराच माणूस होता. खरा नील स्फोटातून बाहेरच आला नाही, कोणीतरी त्याला कोंडून ठेवलाय. इस्पितळातून जो बाहेर पडला तो तोतया. चेहरा वेगळा आहे, कारण माणूसच वेगळा आहे!"

त्याने रेनीला फोन केला. पलीकडून तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "लायनेल, इतकी वाईट कल्पना मी आयुष्यात ऐकली नाही. लिहा."

माझ्या ध्यानात जरा उशिरा आलं. "म्हणजे मी खलनायक?"

"शेवटी पश्चात्ताप होतो तुला," लायनेल घाईने म्हणाला. "खऱ्या कॅप्टनला वाचवताना मरतोस."

"मरतो." मी खुर्ची मागे सरकवली. "मग बोलतो किती?"

माझ्याविषयी हे माहीत असू द्या की मी मरण्यात वाकबगार होतो. प्रॉव्हिडन्सला मेलो, बफेलोला मेलो, पिट्सबर्गला तर इतक्या सावकाश मेलो की वरच्या सज्जातून एक जण ओरडला, "मंडळी, कोणीतरी मदत करा त्याला!" मरतानाचं भाषण हा नटाचा हक्क असतो असं माझं ठाम मत होतं, आणि ते मी लायनेलला सूप पुन्हा गरम होईपर्यंत ऐकवलं. लायनेलला कोणाला नाही म्हणता येत नाही. झुरिकच्या वेळीही त्याने नाही म्हटलं नव्हतंच. त्याने मला एक पानभर भाषण दिलं. त्यात समुद्र होता, आई होती, आणि "मीही कधीतरी स्वच्छ आकाश पाहिलं होतं" हे वाक्य होतं.

बुधवारी गस कॅमेरा घेऊन आला. त्याने भाषण वाचलं, कागद उलटून मागे आणखी आहे का ते पाहिलं.

"एवढे फुगे टाकले तर माणूस झाकून जाईल. बूट तेवढे दिसतील."

"मग दोन पानांवर मरू दे," मी म्हणालो.

"दोन पानं नाहीत. खऱ्या कॅप्टनला परत आणायचंय, लोकांना तो दिसायला हवा."

"लोक मरणाऱ्याकडे बघतात. हे मी तुला चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो."

व्हर्ना भांडी पुसत होती. तिने टॉवेल खाली ठेवला. "थॅड, उद्या गुरुवार आहे. तू इथून उठून घरी जाशील, तुझं काही जाणार नाही. परवा सकाळी हा माणूस दाढी करून या टेबलाशी बसेल. त्याला लिहायला काही असेल की नसेल, ते आज ठरतंय."

लायनेल म्हणाला, "अगं व्हर्ना, राहू दे, थॅडला वाईट..."

"थॅडला वाईट वाटू दे. चांगला नट आहे, त्यातून काहीतरी काढेल."

आता खरं तर इथे मी उदारपणे भाषणाचा त्याग केला असं सांगायला मला फार आवडलं असतं. प्रसंग तयार होता. पण मी काय केलं, मी कागद हातात घेतला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणालो, "एकदा ऐका तरी, मग ठरवा." आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर कोसळलो. नुसता पडलो नाही, कोसळलो, डावा गुडघा आधी, मग उजवा हात, मग पाठ, बफेलोला मरताना कोसळायचो तसा.

पाठीला बफेलो आठवत नव्हतं. कमरेत काहीतरी कडकन वाजलं, फ्रिजच्या मागेपर्यंत ऐकू गेलं असेल. मी तोंड उघडलं. समुद्र आला नाही, आई आली नाही, आवाजच आला नाही. मी फक्त वर, माझ्या अगदी जवळ असलेल्या लायनेलकडे पाहत राहिलो. मनात एवढंच होतं की अरे बाबा, मला उचल.

कॅमेऱ्याचा आवाज आला. गसने एक फोटो घेतला, मग दुसरा.

"हेच," लायनेल हलक्या आवाजात म्हणाला. त्याने माझ्या मुठीतला कागद सोडवून घेतला आणि सगळं भाषण एका तिरक्या रेघेने खोडलं. "काही बोलायचं नाही. फक्त हे बघणं." सव्वीस वर्षं त्याने प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी माणसांना असंच बघायला लावलं होतं, जाहिराती सुरू होईपर्यंत. या धंद्यात ते कुठे बसवायचं हे त्याला आता सापडलं होतं. तो माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला, मला वाटलं मला उचलायला, पण तो खऱ्या कॅप्टनचं वाक्य शोधत होता. बराच वेळ पाहून त्याने विचारलं, "तुझ्या घरी कोणाला कळवायचं?"

ते तसंच अंकात गेलं. तोतया काही न बोलता मरतो, आणि जुना चेहरा परत मिळालेला कॅप्टन बॅरोमीटर, ज्याला त्याने महिनाभर कोंडून ठेवलं होतं, त्याच्याजवळ बसून एवढंच विचारतो. एक फुगा, एक ओळ, बाकीच्या पानभर चेहरे.

"उत्तमच," मी खालून म्हणालो, पहिला आवाज फुटल्यावर. "आता माझ्या बहिणीला कळवा, स्टॅटन आयलंडला."

मला उचलायला तिघं लागले. जिने उतरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या बैठकीतल्या सोफ्यावर माझी सोय झाली. तिथून उघड्या दारातून स्वयंपाकघरातला फोन आणि अर्धं टेबल दिसायचं. व्हर्नाने कमरेखाली गरम पाण्याची पिशवी दिली आणि वर बजावलं, "हललास तर तुला झुरिकला पाठवीन."

गुरुवारी लायनेल स्वतः कागद घेऊन मॅनहॅटनला देऊन आला. शुक्रवारी दुपारपर्यंत फोन नव्हता. लायनेलने काचा पुसल्या. मग व्हर्नाने पुसून ठेवलेली भांडी त्याने नव्याने लावली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, "कॅलिफोर्नियाचा माणूस चांगला लिहितो म्हणतात. मी त्याचं एक काम पाहिलंय. माणसं फार बोलत नाहीत त्यात." मी म्हणालो, "आळशी असेल." तो हसला, पण चेहऱ्याच्या अर्ध्याच भागाने.

व्हर्ना त्या दिवशी लवकर घरी आली होती. रेडिओ लावून बटाटे सोलत होती. फोन वाजला तेव्हा तिने सुरी खाली ठेवली नाही, नुसती थांबवली.

लायनेलने फोन उचलला. माझ्याकडे त्याची पाठ होती.

"हं," तो म्हणाला. "हं." मग फोनची वायर बोटाला गुंडाळली. "हो, गसला सांगतो." मग मागे माझ्या दिशेने हात केला. "नाही नाही, तो बरा आहे, सोफ्यावर आहे." मग एक "हं", ज्यातून काहीच काढता येत नव्हतं.

नवशिक्या नटांना दिग्दर्शक बजावतात, प्रेक्षकांकडे पाठ करू नका. मी ते कायम पाळलं. पण दुसऱ्याची पाठ वाचता मला येते. लायनेलची पाठ आधी तशीच राहिली. मग खांदे खाली आले, आणि पुढच्याच क्षणी मान किंचित डावीकडे झुकली. वाक्य कुठून सुरू करायचं ते शोधणारा माणूस अशी मान झुकवतो.

त्याने फोन ठेवला. खुर्ची ओढली. बसला.

"लायनेल!" मी सोफ्यावरून ओरडलो. "काय म्हणाली रेनी?"

"सातव्या अंकाची तारीख सोळा आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला आणि कागद पुढे ओढला. "थॅड, जरा गप्प बस ना."

व्हर्नाने हात पुसले. रेडिओ बंद केला, बटाट्यांचं भांडं उचललं आणि टेबलाचा तिच्या बाजूचा अर्धा भागही रिकामा करून दिला.